पॅकेटांना लागणारा चकवा

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर एकसंध जात नाही. त्याचे लहान तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो, आणि अशा पत्ताधारी तुकड्याला पॅकेट म्हणतात. दोन किंवा अधिक जाळी जिथे एकमेकांना मिळतात तिथे राउटर हे यंत्र असते. आलेल्या पॅकेटावरील पत्ता वाचणे, तो राउटिंग टेबलात, म्हणजे कोणत्या पत्त्यासाठी पुढचा शेजारी कोणता याच्या तक्त्यात, शोधणे आणि पॅकेट त्या शेजाऱ्याच्या स्वाधीन करणे, एवढेच त्याचे काम. सबंध मार्ग कोणत्याही एका राउटरला माहीत असावा लागत नाही, आणि त्यामुळेच ही रचना जगभर पसरू शकली; पण तिच्यातला एक जुना दोषही तिथूनच येतो. एखाद्या पत्त्यासाठी पहिल्या राउटरच्या तक्त्यात दुसऱ्याचे नाव असले आणि दुसऱ्याच्या तक्त्यात पहिल्याचे, तर पॅकेट त्या दोघांमध्येच ये-जा करत राहते. राउटर गेलेल्या पॅकेटाची आठवण ठेवत नाही, म्हणून परत आलेले पॅकेट त्याला दर वेळी नवेच वाटते. रानात चकवा लागलेला वाटसरू रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडापाशी यावा, तशी ही गत असते. जाळे सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात याला लूप म्हणतात.

लूपमध्ये सापडलेला कोणताही राउटर स्वतःपुरता चुकलेला नसतो, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येकाने त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या बातमीवर विसंबून योग्य तोच निर्णय घेतलेला असतो; फक्त एकाची बातमी ताजी आणि दुसऱ्याची शिळी असते, किंवा एकाला ती यंत्राकडून आणि दुसऱ्याला माणसाच्या हातून मिळालेली असते. म्हणून लूपविरुद्धचे उपाय दोन दिशांनी निघाले. एका बाजूने लूप मुळात तयारच होऊ नये अशा पद्धती शोधल्या गेल्या, आणि दुसऱ्या बाजूने तो होणारच असे गृहीत धरून त्याची किंमत मर्यादित ठेवण्याची तजवीज झाली. पहिल्या दिशेला बुद्धिमत्ता अधिक खर्च झाली, पण जाळे प्रत्यक्षात तगले ते बहुतांशी दुसऱ्या दिशेच्या साध्या उपायांमुळे, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.

पॅकेटांची कल्पना १९६० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर स्वतंत्रपणे पुढे आली. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालमालेत अणुहल्ल्यानंतरही चालू राहील अशा विकेंद्रित संदेशव्यवस्थेचा आराखडा मांडला, तर इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डोनाल्ड डेव्हिस यांनी अशाच व्यवस्थेचा विचार करताना त्या तुकड्याला पॅकेट हे नाव दिले. बॅरन यांच्या आराखड्यात प्रत्येक तुकड्यावर हस्तांतरांचा एक आकडा होता. तुकडा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे गेला की तो एकाने वाढे, आणि तो पाहून मधल्या केंद्राला मूळ केंद्र किती दूर आहे याचा अंदाज येई. बॅरन यांची व्यवस्था प्रत्यक्षात उभी राहिली नाही, तरी पॅकेटाने स्वतःच्या प्रवासाचा हिशेब स्वतःबरोबर न्यावा ही युक्ती तिथे कागदावर उतरली होती.

प्रत्यक्षातील पहिले मोठे जाळे म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या विभागाचे आर्पानेट. त्याच्या प्रत्येक केंद्रावर हनीवेल कंपनीच्या डीडीपी-५१६ या संगणकापासून बनवलेले आयएमपी नावाचे यंत्र असे, जे आजच्या राउटरचे पूर्वज मानले जाते. ही यंत्रे मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीने घडवली, आणि १९६९ च्या अखेरीस लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड संशोधन संस्था, सांता बार्बरा व युटा अशी चार केंद्रे जोडली गेली. मार्ग ठरवण्याची पहिली पद्धत देखणी होती. प्रत्येक आयएमपी साधारण दर दोन-तृतीयांश सेकंदाला आपल्या शेजाऱ्यांना एक तक्ता पाठवी आणि कोणते केंद्र आपल्यापासून किती विलंबाच्या अंतरावर आहे ते कळवी. शेजारी त्यात स्वतःच्या तारेवरचा विलंब मिळवून, सर्व शेजाऱ्यांच्या तक्त्यांतून सर्वांत कमी बेरजेचा मार्ग निवडत. रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या गणिताचा हा अवतार होता. पुढे या जातीच्या पद्धतींना अंतर-सदिश, म्हणजे डिस्टन्स व्हेक्टर, असे नाव मिळाले.

या पद्धतीतली मेख अशी की ती शेजाऱ्याच्या शब्दावर चालते, पण तो शब्द शेजाऱ्याला कोणाकडून मिळाला हे विचारत नाही. समजा क, ख आणि ग ही केंद्रे एका रांगेत आहेत आणि ग ची तार तुटली. ख ला ते लगेच कळते. पण त्याच क्षणी क चा जुना तक्ता येतो, ज्यात ग आपल्यापासून दोन टप्प्यांवर असल्याचे लिहिलेले असते. ते दोन टप्पे ख मधूनच जात होते, हे तक्त्यात कुठेच नसते. ख समाधानाने तीन लिहितो, ते पाहून क चार लिहितो, मग ख पाच, आणि आकडा चढत असताना ग साठीची सर्व पॅकेटे क आणि ख यांच्यात झोके घेत राहतात. चांगली बातमी झपाट्याने पसरते आणि वाईट बातमी रखडते, असे या दोषाचे वर्णन अभ्यासक करीत. त्याचे शास्त्रीय नाव अनंतापर्यंत मोजणे असे आहे.

बीबीएनमध्ये या दोषाचा पाठपुरावा जॉन मॅकक्विलन यांनी केला. हार्वर्ड विद्यापीठात १९७४ साली पूर्ण केलेला त्यांचा प्रबंधच परिस्थितीनुसार बदलणाऱ्या मार्गनिवडीवर होता, आणि एखाद्या मार्गाविषयी वाईट बातमी आल्यावर काही काळ त्या मार्गाविषयीची नवी चांगली बातमी ऐकूच नये, असा तात्पुरता तोडगा त्यांच्या कामातून पुढे आला. पक्का तोडगा मात्र १९७९ च्या मे महिन्यात अमलात आला. मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांच्या नव्या पद्धतीत आयएमपी इतरांकडे निष्कर्ष पाठवत नसे. तो फक्त स्वतःच्या तारांवरील प्रत्यक्ष मोजलेला विलंब सर्व जाळ्यात कळवी, आणि अशा सर्वांच्या सूचनांवरून प्रत्येक यंत्र जाळ्याचा पूर्ण नकाशा स्वतः तयार करून, डच गणिती एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या रीतीने, सर्वांत जवळचे मार्ग स्वतःच काढी. सर्वांकडे एकच नकाशा असला तर लूप अशक्य, हा यामागचा युक्तिवाद होता. त्यात खोट काढता येत नव्हती, पण सर्वांकडे एकच नकाशा असणे हेच अवघड काम आहे, हे दीड वर्षात दिसून आले.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास जवळपास निरुपयोगी झाले. या घटनेचा रोझेन यांनी लिहिलेला अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बिघाडाचा माग कसा काढावा याचा तो आजही उत्तम नमुना आहे. काही यंत्रांच्या स्मृतीतील मजकूर उतरवून घेतल्यावर तंत्रज्ञांना दिसले की त्यांच्या रांगा मार्गविषयक सूचनांनी भरून गेल्या आहेत आणि त्या सगळ्या सूचना ५० क्रमांकाच्या एकाच आयएमपीच्या नावाने आलेल्या आहेत. तशा सूचनाही केवळ तीनच होत्या, ज्यांवरचे अनुक्रमांक ८, ४० आणि ४४ असे होते, आणि त्याच तीन पुन्हा पुन्हा फिरत होत्या.

हे अनुक्रमांक जुनी सूचना कोणती आणि नवी कोणती हे ओळखण्यासाठी असत. त्यांना सहा बिटांची जागा होती, म्हणून ते ० ते ६३ असे जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होत. अशा वर्तुळाकार मोजणीत नवे-जुने ठरवण्यासाठी नियम असा होता की दोन क्रमांकांतील फरक ३२ पर्यंत असेल तर मोठा क्रमांक नवा, आणि त्याहून जास्त असेल तर मोजणी मधल्या काळात पुन्हा सुरू झाली असे समजून लहान क्रमांक नवा. या नियमाने ४४ हा ४० पेक्षा नवा ठरतो. ४० हा ८ पेक्षा बरोबर ३२ ने मोठा, म्हणून तोही नवा. आणि ४४ व ८ यांतील फरक ३६ असल्याने ८ हा ४४ पेक्षा नवा ठरतो. ज्या यंत्राकडे ४४ होता त्याने ८ स्वीकारला आणि सर्वांना पुढे पाठवला, मग ४० स्वीकारला, मग ४४, आणि हे फेरे थांबण्याचे कारणच उरले नाही. हे तीन आकडे आले कुठून, याचेही उत्तर मिळाले. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००, ४० म्हणजे १०१००० आणि ८ म्हणजे ००१०००. शेजारच्या २९ क्रमांकाच्या आयएमपीमध्ये बिघाड होऊन बिट गळत होते, आणि एकेक १ गळून ४४ चा ४० व ४० चा ८ झाला होता.

लूपच्या इतिहासात या घटनेला वेगळे स्थान आहे, कारण इथे लूप मार्गात नव्हता, तर नव्या-जुन्याच्या क्रमातच होता, आणि मार्गातील लूप टाळण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेच्या पोटातच तो निघाला होता. सूचनांवर त्यांचे वय नोंदवणारा रकानाही होता. पण ते वय सूचना यंत्राच्या स्मृतीत काही सेकंद पडून राहिली तरच पुढे सरके, आणि या सूचना इतक्या वेगाने फिरत होत्या की त्या म्हाताऱ्याच झाल्या नाहीत. शेवटी ५० क्रमांकाच्या नावाने आलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष करावे असा तात्पुरता बदल इतर यंत्रांत घालून जाळे सावरण्यात आले. पूर्वी बीबीएनमध्ये काम केलेल्या रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये अशा सूचना बिघाडातही सुखरूप कशा पसरवाव्यात यावर शोधनिबंध लिहिला, आणि नंतर रूढ झालेल्या ओएसपीएफ या पद्धतीत ३२ बिटांचे, वर्तुळात न फिरता सरळ वाढणारे अनुक्रमांक आले. शिवाय सूचनेचे वय प्रत्येक हस्तांतराला वाढू लागले, म्हणजे नुसती फिरत राहणारी सूचनाही एक तासाच्या मर्यादेकडे सरकत राहते.

याच सुमारास दुसऱ्या दिशेचा उपाय पक्का होत होता. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या शोधनिबंधात निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची रीत मांडली होती. तिच्यातून घडलेला इंटरनेट प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पॅकेटावर आठ बिटांचा एक रकाना ठेवला गेला, ज्याचे नाव टाइम टू लिव्ह, म्हणजे जगण्याची मुदत, असे आहे. बोलण्यात त्याला टीटीएल म्हणतात. हा आकडा मुळात सेकंदांत मोजायचा होता आणि आठ बिटांमुळे त्याची कमाल २५५ ठरली. पण पॅकेट राउटरजवळ सेकंदापेक्षा कितीही कमी वेळ राहिले तरी निदान एक वजा करावाच, असा नियम त्याच मसुद्यात होता. तारा वेगवान झाल्या, एका राउटरवरील मुक्काम सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आला, आणि सेकंदांची भाषा कागदावर राहून टीटीएल प्रत्यक्षात टप्प्यांची मोजणी झाली. आकडा शून्यावर आला की राउटर ते पॅकेट नष्ट करतो. मेलेली पॅकेटे ठरावीक काळानंतर पुन्हा उगवणार नाहीत ही हमी वरच्या थरातील, पॅकेटे क्रमाने जुळवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉललाही हवी होती, म्हणून या एका रकान्याने दोन कामे केली.

टीटीएलने लूप थांबत नाही, एवढे स्पष्ट केले पाहिजे. ६४ हा आरंभीचा आकडा घेऊन निघालेले पॅकेट दोन राउटरांच्या लूपमध्ये सापडले तर मरण्यापूर्वी त्या दोघांमधील तार साठेक वेळा ओलांडते; याचा अर्थ दर सेकंदाला १० मेगाबिटांची साधी रहदारी त्या तारेवर दोन्ही दिशा मिळून सुमारे ६०० मेगाबिटांचा भार टाकते, आणि ज्यांच्या पॅकेटांचा त्या पत्त्याशी काही संबंध नाही अशा वापरकर्त्यांनाही जाळे मंद झाल्याचे जाणवते. तरीही हा भार सांत आहे. अनंताच्या जागी साठ हा आकडा आला, यातच या रकान्याचे सर्व यश आहे.

सप्टेंबर १९८१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आयसीएमपी या जोड-प्रोटोकॉलने मृत्यूची खबर देण्याची व्यवस्था केली. पॅकेट मुदत संपून नष्ट झाले तर नष्ट करणाऱ्या राउटरने मूळ पाठवणाऱ्याला तसे कळवावे, अशी ही तरतूद होती. अशा खबरेविषयी पुन्हा खबर पाठवू नये, अशी अटही सोबत होती, नाहीतर खबरांचाच लूप झाला असता. या खबरेचा उपयोग सुरुवातीला कोणी विशेष केला नाही. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग हा छोटा प्रोग्राम लिहिला, जो समोरचे यंत्र उत्तर देते की नाही आणि किती वेळात देते एवढे सांगतो. उत्तर आले नाही तर पॅकेट वाटेत नेमके कुठे हरवले, हे पिंगला सांगता येत नाही.

ते सांगणारे साधन लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केले, आणि त्याचे नाव ट्रेसरूट. मुदत संपल्याची खबर हा अपघात न मानता तो मुद्दाम घडवून आणायचा, ही त्यातील कल्पना. पहिले पॅकेट टीटीएल १ घेऊन निघते, म्हणून पहिल्याच राउटरवर मरते आणि त्या राउटरचा पत्ता खबरेतून कळतो. दुसरे २ घेऊन निघते आणि दुसऱ्या राउटरचा पत्ता आणते. असे करत, सहसा ३० टप्प्यांपर्यंत, सबंध वाट उलगडते. लूप असेल तर यादीत एकाखाली एक तेच दोन किंवा तीन पत्ते आळीपाळीने येऊ लागतात आणि तिसावी ओळ येईपर्यंत येतच राहतात. राउटरांनी एकमेकांविषयी कधीही न केलेली तक्रार मेलेल्या पॅकेटांच्या साक्षीतून मिळवण्याची ही युक्ती, टीटीएलच्या रचनाकारांच्या मनात नसताना, त्या रकान्याचा सर्वांत परिचित उपयोग ठरली. संशोधनालाही तिचा आधार झाला. व्हर्न पॅक्सन यांनी १९९४ आणि १९९५ मध्ये ३७ ठिकाणांमधून सुमारे ४०,००० ट्रेसरूट घेऊन इंटरनेटवरील मार्गांचा अभ्यास केला, तेव्हा थोड्या, पण खऱ्याखुऱ्या चिवट लूपांची नोंद झाली, ज्यांतले काही अर्ध्या दिवसाहून अधिक काळ टिकले होते.

जुनी अंतर-सदिश पद्धत मात्र संपली नव्हती. झेरॉक्सच्या संशोधनातून आलेली आणि बर्कले विद्यापीठाच्या १९८३ च्या युनिक्सबरोबर फुकट मिळणारी रिप नावाची तिची आवृत्ती जगभरच्या संस्थांत शिरली, आणि रटगर्स विद्यापीठातील चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये तिचे अधिकृत वर्णन लिहिले तेव्हा ती केव्हाच रूढ झालेली होती. अनंतापर्यंत मोजण्यावरचा तिचा इलाज गमतीचा वाटावा असा आहे: तिने अनंताची किंमत १६ ठरवली. आकडा सोळावर गेला की तो पत्ता अप्राप्य मानायचा, आणि म्हणून १५ पेक्षा जास्त टप्प्यांचे जाळे रिपला चालतच नाही. ज्याच्याकडून मार्ग कळला त्यालाच तो परत सांगू नये, हा नियम दोन राउटरांमधील लूप रोखतो. तिघांच्या फेऱ्यात तो अपुरा पडतो, आणि तिथे सोळापर्यंतची मोजणीच कामी येते. सिस्को कंपनीच्या ईआयजीआरपी या पद्धतीत याहून काटेकोर उपाय आला, ज्याचे गणित जे. जे. गार्सिया-लुना-असेवेस यांचे: आपल्यापेक्षा निश्चितपणे जवळ असलेला शेजारीच पर्याय म्हणून घ्यायचा, आणि तसा नसेल तर शेजाऱ्यांना विचारून सर्वांची उत्तरे येईपर्यंत तो मार्ग बदलायचाच नाही.

राउटरांच्या जगात निदान टीटीएल तरी होता; इमारतीच्या आतील इथरनेटमध्ये तोही नव्हता. इथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात बॉब मेटकाफ यांनी मांडली ती एकाच सामाईक तारेसाठी, जिथे फेरा होण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिच्या पॅकेटावर, ज्याला फ्रेम म्हणतात, टप्पे मोजण्याची जागा ठेवली गेली नाही. पुढे अशा अनेक तारा ब्रिज नावाच्या यंत्रांनी जोडण्याची टूम निघाली, आणि आजचा स्विच म्हणजे पुष्कळ पोर्ट, म्हणजे तारा जोडण्याच्या जागा, असलेला ब्रिजच होय. दोन ब्रिजांमध्ये चुकून किंवा सुरक्षिततेसाठी दोन तारा जोडल्या गेल्या तर सर्वांसाठी असलेली फ्रेम कायमची फिरत राहते, आणि वाटा अधिक असतील तर प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढत जातात. काही सेकंदांत जाळे गुदमरते.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असलेल्या पर्लमन यांच्याकडे हा फेरा तोडण्याचे काम आले. इथरनेट हा शेजाऱ्याला जोडणारा दुवा आहे, सबंध जाळे उभारण्याचे साधन नव्हे, असे मत त्यांनी पुढेही उघडपणे मांडले आहे. तरी जे आहे त्याला लूपमुक्त करण्याची रीत त्यांनी शोधली आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत लहान ओळख-क्रमांकाचा ब्रिज मूळ मानायचा, प्रत्येकाने मुळाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट ठेवायची आणि उरलेली पोर्टे बंद करायची, म्हणजे तारा कितीही असल्या तरी चालू असलेली रचना झाडासारखी, फेरा नसलेली, राहते. तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. त्याच निबंधाच्या आरंभी पर्लमन यांनी 'अल्गोराइम' ही छोटी कविता घातली, आणि तांत्रिक वाङ्मयात कवितेने निबंधाइतकी कीर्ती मिळवल्याचे असे उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

या रीतीत एक नाजूक जागा आहे. मुळाकडून दर दोन सेकंदांनी आपण जिवंत असल्याची हाक येते, आणि बंद ठेवलेल्या पोर्टावर ती वीस सेकंद ऐकू आली नाही तर ब्रिज मधली वाट तुटली असे समजून ते पोर्ट उघडण्याच्या मार्गाला लागतो. म्हणजे इथे मौनाचा अर्थ परवानगी असा घेतला जातो. यंत्र तुटण्याऐवजी नुसते भाराने थकले तरी हाका गळतात, पोर्ट उघडते, लूप होतो, भार आणखी वाढतो आणि हाका आणखी गळतात. बॉस्टनमधील बेथ इस्राएल डीकनेस या रुग्णालयाचे जाळे १३ नोव्हेंबर २००२ पासून सुमारे चार दिवस असेच कोलमडले. दोन रुग्णालयांचे १९९६ मध्ये विलीनीकरण झाल्यानंतर जाळे तुकड्या-तुकड्यांनी जोडले गेले होते आणि स्पॅनिंग ट्रीसाठी शिफारस केलेली सात ब्रिजांची खोली ओलांडली गेली होती. रुग्णालयाला त्या काळात कागदी नोंदींकडे परतावे लागले, आणि त्याचे माहिती-अधिकारी जॉन हलामका यांनी सर्व हकीकत जाहीरपणे सांगितल्यामुळे ती अभ्यासाला उपलब्ध झाली. २००१ च्या सुधारित रीतीत थांबण्याऐवजी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून पोर्ट उघडण्याची सोय आली. आणि २०११ मध्ये पर्लमन यांच्याच ट्रिल या प्रस्तावाने इथरनेट फ्रेमला एक वेगळे आवरण देऊन त्यावर टप्पे मोजण्याचा रकाना ठेवला, म्हणजे १९७३ मध्ये न ठेवलेली जागा शेवटी बाहेरून चिकटवावी लागली.

तिसरा उपाय स्वतंत्र संस्थांच्या जाळ्यांमधून निघाला. आरंभी या जाळ्यांमध्ये ईजीपी ही पद्धत होती, जी जाळ्यांची मांडणी मध्यवर्ती कण्याभोवती झाडासारखी आहे असे गृहीत धरत असे. १९८६ मध्ये एनएसएफनेट हा दुसरा कणा उभा राहिला आणि हे गृहीतक मोडले. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील एका बैठकीदरम्यान आयबीएमचे याकोव्ह रेख्टर आणि सिस्कोचे कर्क लॉहीड यांनी जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर बीजीपी या नव्या पद्धतीचा आराखडा काढला. त्यात मार्गाच्या बातमीबरोबर ती ज्या ज्या जाळ्यांतून आली त्यांचे क्रमांक ओळीने लिहिलेले असतात, आणि त्या ओळीत स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर ती बातमी टाकून देतो. क आणि ख यांच्या गोष्टीत जे विचारले जात नव्हते, ते इथे बातमीवरच लिहून येते. याच प्रकारची नोंद यूझनेट या चर्चाव्यवस्थेतील लेखांवर आधीपासून असे, ज्यामुळे एखादा लेख जिथून आला तिथेच परत पाठवला जात नसे. रुमालांची कथा सांगताना हा पूर्वज सहसा विसरला जातो. भारतातही हाच क्रम दिसतो: १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या जाळ्याचा परदेशी दुवा मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून जाई, आणि बाहेरची वाट एकच असताना फेऱ्याला वाव नव्हता; २००३ मध्ये देशातील सेवादात्यांनी आपापसात रहदारी बदलण्यासाठी निक्सी ही संस्था स्थापन झाली तेव्हा वाटा अनेक झाल्या आणि बीजीपी अपरिहार्य ठरले.

आज प्रत्यक्ष कामात आढळणारे लूप बहुधा या मोठ्या पद्धतींच्या सांध्यांवर असतात. एकाच राउटरवर दोन पद्धती चालत असतील तर कोणाचे ऐकावे यासाठी प्रत्येकीला विश्वासाचा एक आकडा दिलेला असतो. सिस्कोच्या यंत्रांत हाताने लिहिलेल्या नोंदीला १, ओएसपीएफला ११० आणि रिपला १२० असा तो असतो, आणि लहान आकडा वरचढ. रिपमधून आलेला मार्ग एका राउटरने ओएसपीएफमध्ये सांगितला आणि दुसऱ्या सांध्यावरील राउटरने तो ऐकला, तर ११० हे १२० पेक्षा लहान म्हणून तो जवळच्या खऱ्या वाटेऐवजी वळशाची वाट धरतो, आणि तीच परत रिपमध्ये सांगितली की फेरा पूर्ण होतो. उसन्या मार्गावर खूण घालून तो परत घेऊ नये, हा यावरचा रूढ उपाय आहे. दुसरा नेहमीचा प्रकार हाताने लिहिलेल्या नोंदींचा. सेवादाता ग्राहकाला पत्त्यांचा एक गट देतो आणि तो सर्व ग्राहकाच्या राउटरकडे वळवतो. ग्राहक त्यातले थोडेच पत्ते वापरतो, आणि बाकी सर्व काही सेवादात्याकडे पाठवावे अशी त्याच्या राउटरची सर्वसाधारण नोंद असते. न वापरलेल्या पत्त्यासाठी आलेले पॅकेट मग दोघांमध्ये टीटीएल संपेपर्यंत ये-जा करते. एकत्रित पत्त्यांची पद्धत सप्टेंबर १९९३ मध्ये ठरली तेव्हाच, ज्याने गट जाहीर केला त्याने त्यातील न सापडणाऱ्या पत्त्याचे पॅकेट टाकून द्यावे, असा नियम लिहिला गेला होता, आणि त्यासाठी राउटरवर शून्याकडे जाणारी एक नोंद पुरते. ती लिहायची राहून जाते, एवढेच.

निदानाची रीतही म्हणून फारशी बदललेली नाही. ट्रेसरूटमध्ये आळीपाळीने येणारे पत्ते ओळखायचे, काही मिनिटांनी पुन्हा पाहून लूप क्षणिक आहे की टिकाऊ ते ठरवायचे, कारण मार्ग बदलताना सेकंदभराचे लूप ओएसपीएफसारख्या पद्धतींतही होतात आणि आपोआप विरतात. आणि टिकाऊ असेल तर फेऱ्यातील प्रत्येक राउटरवर त्या एका पत्त्याची नोंद काढून ती त्याला कोणाकडून आणि केव्हा मिळाली हे पाहायचे. जिथे नोंदीचा उगम माणसाच्या हातात किंवा दुसऱ्या पद्धतीतून आलेल्या उसन्या बातमीत सापडतो, तिथेच बहुधा दुरुस्ती करावी लागते. नुसता राउटर बंद-चालू करून लक्षण लपते. नोंद तशीच राहते.

डिसेंबर १९९५ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती प्रथम लिहिली गेली तेव्हा पॅकेटाच्या मथळ्यातून तपासणी-बेरीज काढून टाकण्यात आली, वाटेत तुकडे करण्याची राउटरांची मुभा गेली आणि पत्ता ३२ बिटांवरून १२८ बिटांचा झाला. टीटीएलचे नाव मात्र बदलून टप्प्यांची मर्यादा असे खरे नाव दिले गेले, आणि तो रकाना आठ बिटांचा, २५५ च्या कमाल आकड्यासह, होता तसाच ठेवण्यात आला.